सोनमच्या वहीतलं माझं अक्षर

खुटबावात बांधाचं भांडण असो न्हाईतर दोन जावांचं, माणसं आधी माझ्या ओट्यावर येतात. मी संपत, गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. माझी खासियत अशी, की दोघांतला जो बोलायला कच्चा आसंल, त्याची बाजू मीच मांडतो. त्यानं नुसती मान हलवायची. त्याचं म्हणणं त्याला स्वतःला जमलं नसतं येवढं झकास मांडतो मी. ह्याचा मला लई गर्व होता.

आन् माझीच पोरगी दिवाळीपासनं धड बोलत न्हाई.

सोनम अकरावीला, दौंडच्या कॉलेजात. गेटपाशी गेली की हातपाय गार, छातीत धडधड, श्वास पुरायचा न्हाई. चार वेळा गेटवरनं माघारी आली, मग जायचंच बंद केलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला. म्हणले, काळीज ठणठणीत हाय, हा चिंतेचा आजार हाय, आधी बोलण्याचा उपचार करून बघा. बोलण्याचा! मी म्हणलं, चला, हे तर आपलंच खातं.

मग मोबाईलवर बघून बघून मी एका वहीत रकाने आखले. उपचाराचा प्रकार, कोण बोलतं, किती दिवस लागतात, आपला अनुभव. बायको, राजश्री, म्हणली, "पोरीसाठी समुपदेशक बघताय का बाजारात बैल?" मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात असं बोलणं ऐकून घ्यावं लागतं.

सोनम मात्र एकदाच काय ते बोलली. "तीन ठिकाणी येते, पप्पा. न्हाई जमलं तर परत मला कुठं न्यायचं न्हाई." पोरगी हट्टाला माझ्यावर गेलीय. तीन संपले की विषय संपला, हे मला पक्कं माहीत होतं.

पहिले शिरूरचे मल्हार सर. त्यांची पद्धत अशी, की पोर आपणहून बोलंपर्यंत आपण शांत बसायचं, घाई करायची न्हाई. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सोनम ओढणीचं टोक गुंडाळतीय, सर शांत, आन् मला दरदरून घाम. गप्प बसलेली माणसं मला बघवतच न्हाईत हो. शेवटी म्हणलं, "सर, तिचं म्हणणं असं हाय..." आन् चाळीस मिनिटं तिचं म्हणणं मांडलं. निघताना सर म्हणले, "तुम्हाला बरं वाटलं का?" खरं सांगतो, लई हलकं वाटलं. घरी येऊन रकान्यात लिहिलं, 'शिरूर: सर काही बोलतच न्हाईत.'

दुसरा प्रकार मोबाईलवरचा. एकसारख्या त्रासातली सात-आठ पोरं, एकमेकांचं ऐकायचं, एक ताई सांभाळून घेणार. आईबापांनी खोलीत बसायचं न्हाई, असा नियम. मी नियम पाळणारा माणूस. खोलीत बसलो न्हाई, खिडकीबाहेर उभा राहिलो. एक पोरगा सांगत होता, की त्याचा बाप सारखी त्याची चुलत भावाशी तुलना करतो. ते ऐकून सोनमनं माईक चालू करायला बोट पुढं केलं, आन् तेवढ्यात मी खिडकीतनं डोकं आत घालून मोठ्यानं म्हणलं, "बाळा, बापाचा नंबर दे तुझ्या, मी समजावतो त्याला!"

सोनमनं मोबाईल पालथा घातला. त्या दिवशी ती माझ्या पुढ्यात जेवली न्हाई. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत न्हाई म्हणतात. माझं तर माझ्याच्यानंबी धरवत न्हाई.

राहिल्या दौंडच्या रश्मी मॅडम. त्यांनी सोनमला एक वही दिली. काय झालं, मनात काय आलं, भीती दहापैकी किती, आन् दुसरं काय खरं असू शकतं. रोज भरायची. मग भीती पायरीपायरीनं कमी करायची, आधी एसटीचा थांबा, मग गेट, मग वर्ग. मला पटलं. सगळं कागदोपत्री! शुक्रवारी वही घेऊन यायचं ठरलं.

गुरुवारी सकाळी बघतो तर वही कोरी. कोरी वही नेली तर मॅडम म्हणणार, पोरीचीच इच्छा न्हाई, आन् तिसरं ठिकाणबी हातचं जाणार. सोनम आंघोळीला गेली तसा मी बसलो, आन् तिच्यासारखं गोल गोल अक्षर काढून सगळी वही भरली. पन्नाशीचा माणूस, गावचे तंटे मिटवणारा, आन् पोरीचा गृहपाठ चोरून लिहितोय. हसा खुशाल.

शुक्रवारी मॅडमनी वही वाचली. पहिली दोन पानं भराभर उलटली. 'पेपरची भीती, चार.' 'मैत्रिणी हसतील, सहा.' मी मनात म्हणलं, जमलं. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. त्यांनी वही सोनमपुढं सरकवली. "हे तू लिहिलंयस?"

तिसऱ्या पानापर्यंत माझा माल संपला होता. तिच्या मनात काय चालतं ह्याची मला काडीची कल्पना न्हाई, हे मला ते लिहितानाच कळलं होतं. म्हणून माझ्या मनात होतं तेच लिहून टाकलं होतं. सोनम हळू आवाजात वाचायला लागली. "काय झालं: दुपारी दार आतनं लावलं. मनात काय आलं: आत काय करत आसंल. हाक मारली तर चिडंल, न्हाई मारली आन् काही झालं तर. अर्धा तास दाराबाहेर उभा. भीती: दहापैकी अकरा."

माझ्या ओठावर शंभर कारणं आली. पण कुठनं सुरुवात करावी तेच कळंना. आयुष्यात पहिल्यांदा दातखिळी बसली.

सोनमनं मॅडमच्या टेबलावरचा पेन घेतला. त्या पानावरचा शेवटचा रकाना मी रिकामा ठेवला होता, दुसरं काय खरं असू शकतं हा. तिनं तिथं लिहिलं आन् वही माझ्याकडं फिरवली.

'मी आत दारालाच टेकून बसले होते. तुम्ही हाक मारताय का बघत होते.'

मला रडू फुटलं. मॅडमपुढं, भर दुपारी, हुंदके देऊन रडलो. लाज बाजूलाच राहिली.

मॅडमनी सोनमला विचारलं, "पुढच्या शुक्रवारी येशील?"

"येते," सोनम म्हणली. "पण पप्पांना त्यांची वेगळी वही द्या, मॅडम. ह्यात मला लिहायला जागाच ठेवली न्हाई त्यांनी."