माझ्या कातड्यावर सुरी कुणाची?

जरा लांबूनच ऐका. मी केंडांग आहे, म्हणजे ढोल, दोन तोंडांचा, फणसाच्या लाकडाचा, जावा बेटावरचा. ज्या विद्यापीठात माझी हयात गेली त्याचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही कोण, कुठले, कुणाच्या ओळखीचे, मला काय ठाऊक?

पूर्वी मी असा नव्हतो. ज्याचा हात पडेल त्याच्यासाठी वाजायचो. पण एकदा अंगावर सुरी चालली, की माणसं वेगळी दिसू लागतात.

माझं लाकूड पोखरलं ते पाक वीरोगुनोंनी; 'पाक' म्हणजे तुमच्याकडचं 'राव'. सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळात ते रात्र-रात्र वाजवायचे. मला त्यांनी घडवलं ते पंजीसाठी, त्यांच्या मुलासाठी. पंजीनं मला जेमतेम दोन पावसाळे बडवलं आणि कारखान्यात नोकरी मिळताच बातामला निघून गेला. मग मला उचललं त्याच्या धाकट्या बहिणीनं, वेनिंगनं.

"पोरीच्या जातीनं गावं," पाक वीरोगुनो ओरडले. "मांडीवर ढोल घेऊन बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणू दे. ताल चुकला तर तुम्ही म्हणा," ती म्हणाली.

ताल चुकला नाही. म्हातारा आपणहून माझ्या वाद्या आवळून द्यायला लागला.

वेनिंगचा उजवा हात कसा होता ते मलाच विचारा. पाची बोटं उघडी, सैल, पानासारखी. 'डाह' म्हणून पडला की नाचणारीचं पाऊल आपोआप उचललं जायचं. पुरुषांच्या मेळ्यात तिला आधी कोपऱ्यात बसवलं, मग मधे, मग तिच्याशिवाय मेळा बसेना. परदेशातले ढोलवाले तिच्याबरोबर वाजवायला आले. तिनं नव्या रचना केल्या, जुन्या लोकांनी नाकं मुरडली, तरुणांनी त्या पाठ केल्या. पुढे ती विद्यापीठात शिकवायला लागली आणि तालवाद्यांची विभागप्रमुख झाली. विद्यार्थी तिला 'बु' म्हणायचे; आईला आणि बाईंना आमच्याकडे एकच हाक.

मग एक वर्ष असं आलं, की तिनं मला हात लावणंच सोडलं.

वर्गात ती तोंडानं बोल म्हणायची, "डाह, ताक, तोंग, हं, वाजवा!" आणि विद्यार्थ्यांना पुढे करायची. स्वतः लांब उभी. मला वाटलं, हिला माझा कंटाळा आला. नवा केंडांग आणलाय की काय कुठे? ती खोलीत आली की मी तिच्या अंगाला दुसऱ्या कातड्याचा वास येतोय का ते बघायचो. वास यायचा, पण निलगिरीसारख्या एका तेलाचा, सर्दीत छातीला चोळतात तसला. तिला सर्दी तर नव्हती.

त्याच वर्षी विद्यापीठाचा मोठा वर्धापनदिन होता. वेनिंग एकटी वाजवणार असं जाहीर झालं. तिनं 'हो' म्हटलं आणि सराव मात्र एकदाही केला नाही.

तिच्या विभागात पाक हेंदार्तो नावाचे मास्तर होते. गोड बोलायचे, हसताना डोळे मात्र हसायचे नाहीत. प्रमुखपद आपलंच होतं असं ते चहाच्या टपरीवर सांगायचे. "बुंचा हात अलीकडे कुणी ऐकलाय का हो?" असंही हळूच विचारायचे. माझा पहिला संशय कुणावर, हे मी तिथेच ठरवून टाकलं होतं.

दुसरी तुरिया. बान्यूमासकडची पोर, वर्गात सगळ्यात तयार हाताची. तिच्या खेडवळ बोलीची बाकीचे नक्कल करायचे, तरी ती ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. एक दिवस तिनं सरळ विचारलं, "बु, तुम्ही सराव करत नाही. मग तो तुकडा मी वाजवू?"

"नाही."

"का नाही? मला पाठ आहे."

"नाही म्हटलं ना!" वेनिंगचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"कळलं," तुरिया दप्तर उचलत म्हणाली. "हा केंडांग फाटेल तेव्हाच माझा नंबर लागेल!"

सगळा वर्ग हसला. मी नाही हसलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी पुरुष नमाजाला, बाकीची मंडळी टपरीवर सोतोचं सूप प्यायला. खोली रिकामी. मी बातिकच्या खोळीत. दार वाजलं. खोळ अर्धी वर सरकली. कुणीतरी मला स्थिर धरायला माझ्या मोठ्या तोंडावर एक हात टेकवला. तो हात माझ्या ओळखीचा नव्हता! तीन बोटं सरळ आणि शेवटची दोन आत मुडपलेली, पक्ष्याच्या नखांसारखी. मग दुसऱ्या हातातली सुरी आली. कातडं टर्रकन फाटलं. खोळ परत खाली.

वाद्याला ओरडता येतं ते कातड्यानंच. मी गप्प.

संध्याकाळी तालमीच्या वेळी खोळ निघाली आणि एकच गलका झाला.

"कुणी केलं हे?" पाक हेंदार्तो म्हणाले. "काल कोण काय बोललं, सगळ्यांनी ऐकलंय."

माना तुरियाकडे वळल्या. "मी हातसुद्धा लावला नाही!" ती म्हणाली. त्या गडबडीतही तिच्या बोलीची नक्कल करणारा एक निघालाच.

वेनिंग काही बोलली नाही. कार्यक्रम रद्द झाला. चौकशी नेमली गेली.

मी मात्र माझी चौकशी सुरू ठेवली. हेंदार्तो नमाजाला गेले होते म्हणे. पण कुणी पाहिलं? त्यांनी मला उलटंसुलटं करून तपासलं तेव्हा मी त्यांची बोटं मोजून घेतली. पाची सरळ. तुरिया रडत माझ्या फाटक्या कडेवरून हात फिरवून गेली. पाची सरळ. मग कोण?

चौकशी तालमीच्याच खोलीत बसली, मला मधे ठेवून. डीन होते, हेंदार्तो होते, वेनिंग होती. तुरियाला काढून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. तिचे वडील, पाक कार्तम, गावाहून आले होते; टेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, भज्यांचं पुडकं कुणाला द्यावं ते न कळून मांडीवर धरून बसले होते.

"साहेब," ते म्हणाले, "माझी पोर तोंडानं फटकळ आहे. तोंड माझ्यावर गेलंय. पण कोंबडी कापायला सांगितली तर ही शेजारच्या घरी पळते. ती सुरी कशी चालवेल?"

"कोंबडीचा इथे काय संबंध?" डीन म्हणाले.

"बु, तुम्ही इतके दिवस गप्प का?" हेंदार्तोंनी विचारलं. "तुमचा केंडांग आहे. तुमचा कुणावर संशय?"

वेनिंग उठली. माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली. वर्षभरानंतर तिनं पहिल्यांदा सगळ्यांसमोर आपला उजवा हात माझ्या अंगावर टेकवला.

तीन बोटं सरळ. दोन आत मुडपलेली.

मी जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला होता. एवढा एक हात तेवढा सोडून.

"ही बोटं कुणीतरी सरळ करून दाखवा," ती म्हणाली. "भात खाताना ठीक असतात. खडू धरताना ठीक असतात. केंडांगावर टेकवली की आत वळतात. डॉक्टर म्हणतात, नस नाही, हाड नाही, मेंदूच हाताला चुकीचं सांगतो. तेल चोळून काही होत नाही. लोकांना कळलं तर मी कोण राहणार? म्हणून मीच कापलं. शुक्रवारी दुपारी."

हेंदार्तोंच्या तोंडावर आनंद दिसतोय का ते मी बघत होतो. दिसला नाही; ते तिच्या हाताकडे बघत स्वतःची बोटं चोळत होते.

तुरिया बोलली. "बु, मला काढणार होते. तुम्ही समोर बसून बघत होतात?"

"हो."

"आणि आज माझे वडील आले नसते तर?"

वेनिंगनं हात माझ्यावरून उचलला. पाक कार्तम उठले, पुडकं तिथेच ठेवलं आणि पोरीचा हात धरून बाहेर गेले.

वेनिंगचं प्रमुखपद गेलं. एक सत्र तिला शिकवायची बंदी झाली. मला गावाकडच्या कारागिराकडे नेऊन नवं कातडं चढवलं ते पाक हेंदार्तोंनी, स्वतःच्या मोटरसायकलवर. का नेलं, ते मला अजून कळलेलं नाही. चांगुलपणानं नेलं असेल. असेल.

बंदी संपल्यावर वेनिंग परत आली. आता ती काही लपवत नाही. बोल तोंडानं म्हणते, डाव्या हातानं मांडीवर ताल धरते, उजवा हात सगळ्यांना दिसेल असा ठेवते. विद्यार्थी वाढलेच म्हणतात. तुरिया मात्र हेंदार्तोंच्या वर्गात गेली. वाटेत वेनिंग दिसली की मान लववायची आणि पुढे जायची.

यंदा वेनिंगनं तिला बोलावणं पाठवलं. तिनं दाराशी उभं राहूनच विचारलं, "काय काम आहे, बु?"

"तो तुकडा तू वाजव. मी बोल सांगते."

तुरियानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "माफ केलंय म्हणून नाही वाजवत. तुकडा चांगला आहे म्हणून."

"बरं."

"आणि तुम्ही शेजारी नाही बसायचं. समोर बसा. मला तुमचे हात दिसले पाहिजेत."

"बरं," वेनिंग म्हणाली, आणि समोर जाऊन बसली.

आता रोज दुपारी आम्ही तिघं बसतो. एकीच्या तोंडात बोल, दुसरीच्या हातात. नव्या कातड्याचा माझा आवाज पूर्वीपेक्षा थोडा कोरडा आहे, पण तुरियाचा 'डाह' पडला की वेनिंग डोळे मिटते. तुरिया मिटत नाही. मीही नाही.

सराव संपला की मला तिथे ठेवत नाहीत. तुरिया खोळीची गाठ स्वतः मारते आणि मला खांद्यावर टाकून आपल्या भाड्याच्या खोलीवर नेते. मी वेनिंगचा असूनही वेनिंग हरकत घेत नाही. फाटकापर्यंत सोबत येते, आणि रोज न चुकता हात पुढे करते, "दे, एका बाजूनं मी धरते."

"राहू दे, बु," तुरिया म्हणते. "जड नाही."

मी चांगला जड आहे.