मुठीपुढचा ब्रेक

रंगुबाईनं लाकूड कापायचं मशीन दोन्ही हातांनी तोललं आणि काउंटरवर परत आदळलं.

"ह्ये उचलायला पैलवान पायजे. माझी सून काय तालमीत जाती व्हय?"

"मावशी, बावीस इंची पात्याचं आहे ते. मोठं दावा म्हणालात तुमीच," दुकानदार धरणेंद्र अण्णा म्हणाले.

"म्हणाले. आता नगं. आमाला झाडं पाडायची न्हाईत. पडल्याल्या येड्या बाभळीचं सरपण करून ढाब्यावर घालायचंय. मधलं दावा. आन् ह्या खेपंला खोटं गळ्यात मारू नगा."

शेवटचं वाक्य दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी होतं. अण्णांनी मान खाली घातली.

दरसाल दिवाळीनंतर रंगुबाईचं बिऱ्हाड माण तालुक्यातून मेंढरं घेऊन इस्लामपूरकडं उतरायचं. वीस वर्षं मेंढरं खतासाठी अण्णांच्याच रानात बसली. गेल्या साली अण्णांच्या दुकानातलं मशीन उसळून तिच्या लेकाच्या, हरिबाच्या खांद्यात घुसलं. हात वाचला, पण वर उठत नाही. तेव्हापासून अण्णाचं मशीन खोटं, असं तिनं प्रत्येक तळावर सांगितलं आणि यंदा मेंढरं शेजारच्या रानात बसवली. आज ती इथं आली ती केवळ सुटे भाग दुसरीकडं मिळत नाहीत म्हणून. आता मशीन चालवणार होती तिच्यासोबत आलेली हरिबाची बायको, माया.

अण्णांनी सोळा इंची काढलं. "हे घ्या. वजनाला बेताचं, चेन इथंच मिळेल, दुरुस्ती आमीच करू. चालू ठेवायचं दिवसाला दोन-तीन तास. धार गेली तर जोर लावायचा न्हाई, कानस मारायची."

रंगुबाईनं ते उचलून पाहिलं. हे तिला पटलं, पण तसं तोंडानं म्हणायची तिची रीत नव्हती. "बरं हाय," ती म्हणाली.

अण्णांनी दुकानामागं एका ओंडक्यावर मशीन चालवून दाखवलं. मग मुठीपुढची काळी पट्टी मनगटानं पुढं ढकलली. खट्‌ झालं आणि गरगरणारी साखळी जागीच थांबली.

"पातं उसळून अंगावर आलं की हात ह्या पट्टीला लागतो, आन् साखळी थांबती. हा ब्रेक."

मायानं पट्टी दोनदा मागं-पुढं केली. "पर अण्णा, चुकून धक्का लागला तरी थांबंल की. सारखं सोडत बसायचं म्हंजे कामाचा खोळंबा. मागं वढून बांधून ठिवली तर?"



गेल्या साली हरिबा असाच वैतागला होता. मशीन दर घटकेला थांबत होतं. तेव्हा रंगुबाईच ओरडली होती, "थांबून थांबून काय लाकूड तुटतंय व्हय रं? आण हिकडं." घोंगडीच्या लोकरीची दोरी वळून तिनं स्वतः ती पट्टी मुठीला आवळली होती. दवाखान्यातून परतल्यावर तिनं सगळ्यात आधी ती दोरी सोडून चुलीत घातली. हरिबानं कुणालाच काही सांगितलं नाही. मशीन उसळलं, एवढंच म्हणाला.

अण्णा म्हणाले, "बांधायची न्हाई, ताई. कवाच न्हाई."

"एवढ्या-तेवढ्यानं काय हुतंय?" माया हसली.

गप्प राहिलं असतं तर हे इथंच मिटलं असतं. पण पोरीनं उद्या तळावर दोरी शोधली असती.

"म्या बांधली हुती," रंगुबाई म्हणाली.

"काय?"

"गेल्या साली. हरिबाच्या मशीनची. म्याच. त्यो नगं म्हनत हुता. आन् अण्णा, तुमचं मशीन खोटं नव्हतं."

 अण्णांनी घरघरणारं मशीन बंद केलं. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवर लागलेलं गाणं ऐकू यायला लागलं.

माया सासूकडं बघत राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण तिनं असं कधी सरळ डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

"वरीस झालं. त्यास्नी सदरा घालताना मी हात धरती. तुमी बघत बसता. आन् बोलला न्हाईत?"

रंगुबाईनं कनवटीचे पैसे काढून अण्णांच्या हातात ठेवले.

मायानं मशीन काखेत मारलं. "तळावर चला. आता समद्यांम्होरं सांगा. आन् ज्यांनी तुमचं नाव झाकलं, त्यास्नी काय ते इचारा."

"काय इचारू?"

"त्ये तुमचं तुमी बघा, आत्या."

ती रस्त्याला लागली. रंगुबाई तिच्यामागून निघाली. आजवर कुठल्याही वाटेवर तिनं कुणाला पुढं चालू दिलं नव्हतं.