डिवचलेल्या पेशी

"आता बघा," दोघी बहिणींतली थोरली म्हणाली आणि खुर्ची बाजूला सरकवली.

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई चष्मा कपाळावर चढवून पडद्यापाशी वाकल्या. "दोन्ही जनुकं उठली?"

"दोन्ही. मधला तुकडा कापला, मग पेशींना जंतूंचा अर्क देऊन डिवचलं. तुकडा निरुपयोगी असता, तर एकच उठलं असतं."

"आणि अर्क न देता?"

"दोन्ही ढिम्म."

बाई हसल्या. "म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांनी झोपलेली माणसं बघून ठरवलं, की या घरात भांडणं होत नाहीत!"

थोरली हसली नाही.

प्रतिकारशक्तीची ती दोन जनुकं एकमेकांना लागून होती. जंतू आला की पहिल्याने कामाला लागायचं. दुसऱ्याने त्या वेळी गप्प राहायचं, नाहीतर शरीर स्वतःच्याच अंगावर धावून जातं. मधला डीएनएचा छोटा तुकडा, म्हणजे इन्सुलेटर, भिंतीसारखा मध्ये उभा राहून पहिल्याला दिलेली हाक दुसऱ्याच्या कानी पडू देत नाही, असं तिचं म्हणणं. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, तिथल्या प्रमुख सरांच्या हाताखाली असताना तिने ते भर बैठकीत मांडलं होतं. "सर, नुसता तुकडा कापून भागणार नाही. पेशींना डिवचून बघू या."

"ही भिंत डीएनएत नाही, बाई. तुमच्या डोक्यात आहे," सर म्हणाले होते. सगळे खो-खो हसले होते. पुढे तिच्या नेमणुकीची मुदत वाढली नाही. 'भिंतवाली' हे नाव मात्र चिकटलं. जिन्यात अजून कुणीतरी पाठीमागून हळूच म्हणायचं.

आता तो तुकडा निरुपयोगी असल्याचं सर शुक्रवारी अख्ख्या संस्थेपुढे मांडणार होते. त्यावर त्यांचं संचालकपद ठरायचं होतं.

"आधी त्यांना कळवू या का?" बाईंनी विचारलं. "रीत तशी आहे."

"सभेत हसले होते. सभेतच विचारीन."

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

गुरुवारी ती घरी आली तेव्हा धाकटी बहीण आरशासमोर उभी राहून भाषण घोकत होती. धाकटी सरांकडेच पीएच.डी.च्या पदवीसाठी संशोधन करत होती. "ताई, ऐक ना! उद्या सरांनी मलाच उभं राहायला सांगितलंय. म्हणाले, काम तुझं, मान तुझा."

थोरली चपला काढता काढता थांबली. "पेशी साध्याच घेतल्यास? न डिवचता?"

"हो ना. मी विचारलं होतं, डिवचून बघू का. तर म्हणाले, तुलाही ताईचं वारं लागलं वाटतं." धाकटी हसली. "रागावू नकोस गं."

थोरली रागावली नाही. तिचा राग केव्हाच थंड होऊन घट्ट बसला होता. उद्या बोलू नकोस, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण मग ते सरांच्या कानी गेलं असतं, त्यांनी गुपचूप प्रयोग पुन्हा केला असता आणि भिंत त्यांचीच झाली असती. प्रश्न सरांनाच विचारायचा, तिने ठरवलं. धाकटीला धक्काही लागू द्यायचा नाही.

"कशी बोलतेय मी?"

"आवाज थोडा मोठा ठेव," थोरली म्हणाली.

शुक्रवारी धाकटी छान बोलली. टाळ्या थांबल्यावर थोरली उठली. "माझा प्रश्न सरांना आहे. या पेशींना डिवचून पाहिलंत का?" तिने पुढे जाऊन आपला निकाल पडद्यावर लावला. सभागृहात कुजबुज पसरली.

सर जागचे हललेसुद्धा नाहीत. "प्रयोग हिचे आहेत. हिलाच विचारा."

धाकटीने सरांकडे पाहिलंच नाही. ती ताईकडे बघत होती. "ते... माझ्या लक्षात आलं नाही," ती म्हणाली.

"मुलीचं राहू द्या," पहिल्या रांगेतले वयस्कर पाहुणे सरांकडे वळले. "तुम्ही काय करत होतात?"

सर उठले आणि पुन्हा बसले. पाण्याचा पेला उचलताना त्यांच्या शर्टावर पाणी सांडलं. थोरलीने ते सगळं डोळे भरून पाहून घेतलं. कुणी हसलं नाही, एवढंच तिला कमी वाटलं.

सरांचं संचालकपद गेल्यातच जमा होतं. धाकटीची पदवीही. प्रयोग पहिल्यापासून करायचे, तेही दुसरा मार्गदर्शक मिळाला तर.

सभागृहाच्या दाराशी धाकटी लॅपटॉप छातीशी धरून आली. "काल तुला माहीत होतं?"

"प्रश्न मी सरांना विचारला होता."

"मी आरशासमोर होते, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

धाकटीने मान हलवली.

संध्याकाळी स्वयंपाकाची पाळी धाकटीची होती. तिने दोघींची ताटं वाढली, स्वतःचं उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. थोरली एकटीच टेबलाशी बसली. भाजीत मीठ अगदी बरोबर पडलं होतं.