कवचाचा तुकडा

जावईबापूंच्या रक्तात हिपॅटायटिस बी या काविळीची खूण आली आहे, असं रुग्णालयाने सांगितलं तेव्हा लेक डायलिसिसच्या खुर्चीवर होती. तिला किडनी देणार होते ते जावईबापूच. माझी वयामुळे केव्हाच बाद झाली होती आणि तिसरं कुणी पुढे आलं नव्हतं.

जावईबापू गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारायचा, हा धंदा. त्यामुळे माणूस सहसा दचकत नाही. त्या दिवशी मात्र ते स्टुलावर अगदी आकसून बसले होते.

"कुठून आणलंस हे?" लेकीने हळू आवाजात विचारलं.

त्यांनी आठवून आठवून सांगितलं. कॉलेजात असताना हातावर काढलेलं गोंदण, सलूनमधला वस्तरा, कधीतरी उपटलेली दाढ. ती ऐकत राहिली, पण मान वळवून. तिचं रक्त नळीतून मशीनमध्ये जात होतं, परत येत होतं, आणि दोघंही त्या नळीकडेच बघत होते.

मी खिडकीशी उभा होतो. माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती, पण ती बोलायला जीभ रेटेना. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, आणि चार माणसांत बोललो की हमखास तोंडघशी पडलो. डॉक्टरांच्या जगात माझ्या आठवणीला काय किंमत, असं म्हणून मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. लेक घरीच थांबली. बाईंचं टेबल लहान होतं, खुर्च्या दोनच; मी दाराला टेकून उभा राहिलो. त्यांनी रिपोर्ट आमच्याकडे फिरवला.

"यात विषाणू सापडला, असं नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "विषाणूच्या कवचाचा तुकडा सापडलाय. तोही जेमतेम. जुनी लागण असती तर शरीराने विषाणूच्या गाभ्याविरुद्ध लढल्याची खूण दिसली असती. ती नाही. म्हणजे एक तर लागण अगदी ताजी आहे, नाहीतर काहीतरी वेगळंच आहे."

ताजी म्हटल्यावर जावईबापूंनी कपाळाला हात लावला. ताजी म्हणजे लग्नानंतरची, हे त्यांनाही कळत होतं आणि घरी गेल्यावर लेकीलाही कळणार होतं.

आता गप्प राहणं हा शुद्ध भित्रेपणा झाला असता. मी घसा खाकरला. बहुतेक मी चुकत असेन, असं आधीच सांगून टाकलं. मग म्हणालो की डायलिसिसच्या घरात सगळ्यांनी या काविळीची लस घ्यावी, असं मी कुठंसं वाचलं होतं आणि जेवताना ते बोलून बसलो होतो. जावईबापू म्हणजे सांगितलं की उठणारे. तपासणीला रक्त द्यायच्या आदल्याच दिवशी ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन टोचून आले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही," जावईबापू म्हणाले. "आजार विचारले, नशा विचारली, बायका विचारल्या. चांगलं काय केलंत, ते नाही विचारलं."

बाई हसल्या. ही लस त्या कवचाच्या तुकड्यापासूनच बनते, त्यांनी समजावलं. विषाणू त्यात नसतोच. पण टोचल्यावर काही दिवस तो तुकडा रक्तात दिसू शकतो. म्हणूनच आधी रक्त द्यायचं असतं आणि लस मागाहून. आज खुद्द विषाणूचा शोध घेणारी तपासणी पाठवू, काही आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करू, आणि तोवर कुणी कुणाला दोष द्यायचा नाही.

विषाणूचा शोध घेणाऱ्या तपासणीत काही सापडलं नाही, तरी आमचा जीव टांगणीलाच होता. पुन्हा रक्त द्यायची वेळ आली, आणि लसीचा दुसरा डोसही त्याच सुमारास होता. जावईबापू सवयीने एका फेरीत दोन्ही कामं उरकायला निघाले, तर मी लसीच्या खोलीच्या दारात आडवा उभा राहिलो. नर्सबाईंनी विचारलं, आजोबा, कुणाला शोधताय? मी म्हणालो, कुणाला नाही, पण आधी रक्त. एवढ्या मोठ्या आवाजात मी लेकीच्या लग्नातही बोललो नव्हतो.

रिपोर्ट कोरा आला. कवचाचा तुकडा गेला होता, गाभ्याची खूण या वेळीही नव्हती, आणि किडनीवाल्या डॉक्टरांनी थांबलेली फाइल पुन्हा पुढे सरकवली. ऑपरेशनची तारीख ठरायची आहे, धाकधूक आहेच. तरी ही बातमी सांगायला आम्ही गेलो, तेव्हा लेक पुन्हा त्याच खुर्चीवर होती.

सगळं ऐकून ती नवऱ्याला म्हणाली, "कुठून आणलंस म्हणून विचारलं होतं ना मी? माझ्याच माहेरून आणलं होतंस."

"सासुरवाडीनं एकदाच काहीतरी दिलं," जावईबापू माझ्याकडे बघत म्हणाले, "तेही टिकलं नाही."

लेक इतकी हसली की हात हलला, मशीन वाजायला लागलं, आणि नर्सबाई येऊन आम्हा दोघांना बाहेर जायला सांगू लागल्या.