मालनमामींची चावी

दसऱ्याला गाडी धुवा, हार घाला, सगळं करा. पण बोनेट उघडून पाइप सोडायला इंजिन काय म्हैस आहे? मखमलाबादच्या सहादूअण्णांनी नेमकं तेच केलं आणि त्यांच्या जुन्या गाडीचा कॉम्प्युटर जळाला.

मी माझ्या गॅरेजात दुसरा बसवला. आता त्याला चाव्यांची ओळख करून द्यायची होती, म्हणून फोनवर बजावलं, "अण्णा, दोन्ही चाव्या पाठवा." अण्णा झेंडू तोडण्यात गुंतलेले. त्यांच्या पत्नी मालनमामी आल्या, देवघरात ठेवलेली जादाची चावी तेवढी घेऊन.

"मामी, जी चावी आज इथं नाही, तिच्यानं गाडी चालू व्हायची नाही."

"म्हंजे यांच्या चावीनं नाय होणार?"

"नाही."

मामींनी चावी माझ्या हातात ठेवली. "लय बेस. करा तुमचं काम."

गाडी मीच घरी पोचवली, चावी मामींकडे दिली. संध्याकाळी अण्णांचा फोन. "अरे, गाडी मला ओळखंना!"

मी काही बोलणार, तोच मागून मामींचा आवाज आला. "त्याला काय इचारता? लेकीकडं देवळ्याला नेतो, नेतो म्हणून दोन दसरे घालवले. मी पिशवी भरून गाडीत बसलेय आन् चावी माझ्याकडं हाय. आता पाय धुऊन या. इंजिन नगं!"