पंचवीस इंचांचा पलंग

मी एक जुना सागवानी पलंग आहे. नगरच्या सावेडी भागातल्या एका फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मी फरशीला पोट लावून पडलेला असतो, कारण मला पाय नाहीत. जन्मतः नव्हते असं समजू नका, मित्रांनो. चांगले चार होते, गोल, मांडीएवढे जाड. ते कोणी कापले आणि त्यात कोणाचं काय गेलं, ते आज सांगतो. लाकडाचा स्वभाव शांत असतो म्हणतात, माझाही होता. आता जरा तिरकं बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

मला प्रभुदासांनी घडवलं. ते नागापूरच्या एमआयडीसीत पॅटर्नमेकर होते. यंत्राचा एखादा लोखंडी भाग ओतायचा असला की आधी तसाच लाकडाचा करतात, त्याचा ठसा वाळूत उठवतात आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओततात. तो लाकडाचा नमुना करणं हे प्रभुदासांचं काम. ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून नमुना मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत ती किंचित वाढ धरायची सवय लागली होती.

ते निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या पत्नी, मरियाबाई, न्हाणीघरात घसरून पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, बाई काठी घेऊन चालू लागल्या, स्वयंपाक करू लागल्या, भिंगारच्या चर्चला जाऊ लागल्या. अडचण एकच होती. बुटक्या जागेवर बसल्या की त्यांना उठता येईना. दोन माणसांनी काखेत हात घालून ओढावं लागे. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंना ते फार लागायचं.

प्रभुदासांनी मग भिंगारच्या त्या भाड्याच्या घरात, ओसरीवर, विटा रचल्या. विटांवर फळी ठेवली आणि बाईंना बसवलं.

"उठ."

बाईंना जमेना. प्रभुदासांनी आणखी एक थर चढवला, मग आणखी एक, मग नुसती कौलं घातली. चोवीस इंचांवर बाई एकट्या उठल्या, कोणाचा हात न धरता. मग प्रभुदासांनी पेन्सिलीने मापावर एक इंच वाढवला.

"पंचवीस करतो. लोखंड आखडतं तसं माणूसही आखडतं. हा एक इंच तुझ्या म्हातारपणाचा."

"मी काय ओतीव आहे का?" बाई म्हणाल्या. पण हसत होत्या.

असा मी झालो. प्रभुदासांनी माझ्यात एकही खिळा मारला नाही. माझ्या चारी कोपऱ्यांना खाचेत खाच बसवून सागाच्या निमुळत्या खुंट्या घातल्या. बाहेरून ठोकलं की त्या आवळत जातात. आतून बाहेर चार टोले दिले की सुटतात, आणि मी पाच मिनिटांत मोकळा होतो. घर भाड्याचं होतं, कधीतरी सोडावं लागणार, हे त्यांनी धरलेलंच होतं. त्यांनी बाईंच्या हातात हातोडी देऊन एक खुंटी काढून घेतली, परत बसवून घेतली, आणि बाईंनी पाढ्यासारखं म्हणून दाखवलं: आतून बाहेर.

मित्रांनो, ती नऊ वर्षं माझ्या अभिमानाची होती. चर्चमधल्या बायका चेष्टा करायच्या, "मरियाबाई, शिडी लावून चढता का हो?" बाई म्हणायच्या, "चढायला शिडी लागली तरी चालेल, उतरायला माणूस लागत नाही!" सातव्या वर्षी प्रभुदास गेले. बाई एकट्या राहिल्या आणि राहू शकल्या. सकाळी सहाला उशाकडचा खांब धरायच्या, पाय जमिनीला टेकवायच्या आणि उभ्या राहायच्या. आधी प्रार्थना, मग चहा. एकटं राहणं म्हणजे काय, तर सकाळी उठवायला कोणाची वाट बघावी न लागणं. ते मी त्यांना देत होतो. मला आणखी काही नको होतं.

त्यांचा मुलगा जोसेफ आयर्लंडमध्ये नोकरीला आहे. रोज फोन करायचा, औषधं विचारायचा. जोसेफ वाईट मुलगा नाही. वाईट असता तर लक्षच घातलं नसतं, आणि मी आज चार पायांवर उभा असतो.

भिंगारच्या मालकांनी घर परत मागितलं. जोसेफने सावेडीत फ्लॅट घेतला, लिफ्टचा, आईसाठीच. आता सामान हलवायचं होतं. सामान हलवणाऱ्या कंपनीने सांगितलेला आकडा ऐकून तो फोनवर हसला.

"मम्मी, शहरातल्या शहरात एवढे? इथे आम्ही घर बदललं तेव्हा मित्राची व्हॅन मागून आणली. बेड खोलला, कपाट खोललं, दुपारपर्यंत खलास. तू बघ, मी इथून करून दाखवतो."

त्याने खरंच चांगली युक्ती काढली. नागापूरहून माल घेऊन भिंगारला येणारा टेम्पो परत जाताना रिकामा असतो, आणि सावेडी वाटेवरच आहे. रिकामा जाणारा टेम्पो थोडक्यात काम करतो. नागापूरच्या एका ओळखीतून त्याने अंगद नावाचा टेम्पोवाला गाठला. अंगदची अट एकच होती: एक वाजता नागापूरला कंपनीच्या गेटवर माल भरायला नंबर लावायचा असतो, त्याआधी मोकळं करा. इतपत सगळं ठीक होतं. पण उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान शेळ्या तरी नीट दिसायला हव्यात.

शुक्रवारी साडेदहाला अंगद आणि त्याचा हमाल सूर्यभान आले. बाईंचा मोबाईल सूर्यभानच्या हातात, मोबाईलमध्ये जोसेफ. तिकडे सकाळचे सहा वाजले होते आणि त्याला सातला कामावर निघायचं होतं. भांडी गेली, कपाट गेलं, खुर्च्या गेल्या. मग माझी पाळी आली. मला तिरपा केला, उभा केला, पण ओसरीच्या वळणावर माझे पाय अडकले.

"खोला त्याला," जोसेफ म्हणाला. "कोपऱ्यात षटकोनी भोक असेल बघा. ॲलन की लावा, फिरवा, सुटतो."

अंगदने माझ्या अंगावर बोटं फिरवली. "सायेब, भोक न्हाई. स्क्रूच न्हाई याला. लाकडी खुट्ट्या हायेत."

"मग ठोका त्या."

अंगदने ठोकल्या. बाहेरून. प्रत्येक टोल्याने माझे सांधे आवळत गेले आणि मी दातओठ खात राहिलो. बाई काठी टेकत दाराशी आल्या.

"आतून मार, बाबा. आतून बाहेर. ह्यांनी मला दाखवलं होतं. आण ती हातोडी, मी दाखवते."

अंगद थांबला. मोबाईलकडे बघून म्हणाला, "सायेब, बाई कायतरी सांगत्यात."

"त्यांचं राहू द्या. मम्मी, प्लीज. तू जाऊन टेम्पोत पुढे बस. तुला धक्का लागला तर परत ऑपरेशन. मी बोलतोय ना त्यांच्याशी?"

"अरे, पाच मिनिटांचं काम आहे, जोसेफ."

"पाच मिनिटं नाहीयेत, मम्मी. त्याचा नंबर जाईल, माझी बस जाईल."

मरियाबाईंनी आयुष्यभर शेकडो पोरांना गप्प बसवलं होतं. त्या दिवशी स्वतः गप्प बसल्या. मला त्यांचा त्या क्षणी राग आला, मित्रांनो, आणि अजून आहे. मारायचा होता हातोडीचा एक टोला, मुलाला न विचारता. पण ज्याच्या पैशाने घर मिळतंय त्याच्यापुढे आवाज चढवायला म्हातारं माणूस कचरतं. जोसेफला ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, आईला पटलं.

"पायच कापा ना," जोसेफ म्हणाला. "तसाही फालतू उंच आहे. इथे सगळे बेड बुटकेच असतात."

"किती ठिवू?" सूर्यभानने विचारलं.

"दारातून निघेल एवढं."

सूर्यभानने करवत आणली. प्रभुदासांनी विटा रचून, कौलं घालून, पेन्सिलीने वाढवून काढलेली माझी उंची वीस मिनिटांत गेली. उरली आठ इंच. कापलेले पाय अंगदने टेम्पोत टाकले, चढावर चाकाखाली लावायला बरे म्हणून. भुसा ओसरीवरच राहिला. एकच्या आत अंगद गेटवर पोचला आणि जोसेफला त्याची बस मिळाली. फक्त माझा खर्च कोणी मोजला नाही.

सावेडीतली पहिली सकाळ मी विसरू शकत नाही. बाई सहाला जाग्या झाल्या. खांब धरला. गुडघे हनुवटीपाशी आले, पण अंग वर येईना. एकदा, दोनदा, दहा वेळा त्यांनी जोर लावला. मग चादरीला धरून कडेला सरकू लागल्या आणि तिथेच अडकल्या. मोबाईल ओट्यावर होता. बाथरूम सात पावलांवर होतं. साडेनऊला इमारतीचे जिने झाडणाऱ्या लंकाबाई कचरा न्यायला आल्या, दार नुसतंच लोटलेलं दिसलं म्हणून त्यांनी आत डोकावलं. तोवर गादी ओली झाली होती. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आता वं बाई! हाक तरी मारायची."

"कोणाला मारू, लंकाबाई? इथे मला कोण ओळखतं?"

लंकाबाईंनी चटकन चार-चार विटा आणून माझ्या कोपऱ्यांखाली लावल्या. बाई त्यावर बसल्या आणि उठल्या! एकट्या! मला वाटलं, सुटलो. पण संध्याकाळी जोसेफने व्हिडिओवर ते बघितलं.

"हे काय? गुळगुळीत टाइल्सवर विटा? सरकलं तर मम्मी खाली, बेड वरून! काढा आधी. मी जाड गादी पाठवतो."

त्याचं चुकीचं नव्हतं. विटा सरकत होत्याच. पण सुतार बोलवून चार पाय जोडून घ्यावेत, हे त्याला सुचलं नाही. ख्रिसमसला आलो की बघू, म्हणाला. जाड गादी आली, मऊ निघाली, बाई तीत आणखी रुतल्या. मग त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून झोपू लागल्या. आठवड्यात पाय सुजले. बाई चालायच्या थांबल्या, चर्च सुटलं. जोसेफला फोनवर रोज एकच ऐकू येई, की आईला उठता येत नाही. त्यावरून त्याने सरळ हिशेब मांडला. आई थकली. आई एकटी राहू शकत नाही.

दोन महिन्यांत त्याने कोल्हारच्या बाजूला एक वृद्धाश्रम शोधला. त्या लोकांनी फोनवर एक फॉर्म भरून घेतला. स्वतः उठू शकतात का? जोसेफने सांगितलं, नाही. नेण्यासाठी त्याने पुन्हा अंगदला फोन केला. त्या दिवशी टेम्पो तिकडे रिकामाच जाणार होता.

बाईंना पुढच्या सीटवर बसवताना अंगद खाली मान घालून म्हणाला, असं लंकाबाई सांगत होत्या: "बाई, तवा तुमचं ऐकाया पायजे हुतं." आणि बाई म्हणाल्या, "तुला घाई होती, बाबा."

फ्लॅट भाड्याने गेला. नवे भाडेकरू यायच्या आदल्या दिवशी लंकाबाई मला पुसायला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी माझ्यावर बसूनच जोसेफला फोन लावला. आदल्या रविवारी त्या कोल्हारला बाईंना भेटून आल्या होत्या.

"दादा, तितं त्यांना लोखंडी खाट दिलीय, दवाखान्यात असती तशी, उंच. बाई पयल्याच दिशी सोताच्या सोता उठल्या. आता सगळ्यांच्या आदी उठत्यात, दुसऱ्यांना च्या देत्यात. तितली मॅडम मलाच इचारती, यांना कशापायी ठिवलंय हितं? दादा, बाईंनी निरोप दिलाय. पलंगाला चार पाय लावून घ्या, पंचीस इंचाचं. त्या उद्याच येत्यात म्हनल्या."

लंकाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मलाही सगळं ऐकू येत होतं.

मग जोसेफ म्हणाला, "लंकाबाई, अकरा महिन्यांचा करार झालाय हो. आता मोडता येत नाही."

"मंग बाईंला काय सांगू?"

"सांगा... तिथे बरंय म्हणावं. उठतेय ना ती?"

मित्रांनो, शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागत असतो. तेल लावा, पॉलिश करा, वाळवीपासून जपा. मला त्यातलं काही नको. नवे भाडेकरू दोघं तरुण आहेत, माझ्यावरून टुणकन उठतात, त्यांना मी कसाही चालतो. तुम्ही फक्त एक करा. आजीचं नाही तर आजोबांचं सामान हलवायची वेळ आली की त्यांच्याच पलंगावर बसा, हात न टेकता उठून बघा, आणि मग त्यांना विचारा, "हे असं का केलंय?" ते बोलू लागले की फोन बंद ठेवा आणि टेम्पोवाल्याला थांबायला सांगा. कोल्हारला मरियाबाई रोज सकाळी सहाला एकट्या उभ्या राहतात. जायला मात्र त्यांना घर नाही.