डावीकडे तसंच उजवीकडे

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे त्याच्याकडे पाठवतात आणि हा आपल्या कारखान्यात बसून त्यांवर दात बसवतो. कारखाना म्हणजे दोन टेबलं, एक छोटी भट्टी आणि दिवसभर बडबडणारा रेडिओ. दात फार शुभ्र झाले तर खोटे दिसतात, म्हणून हा बारीक ब्रशाने मुळाशी पिवळट झाक देतो, कुठे केसाएवढी चीर काढतो. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही हे मीसुद्धा मान्य करते, आणि मी सहसा त्याचं काही मान्य करत नाही.

तर हा माणूस आठवडाभर दात सोडून शेल्फांच्या मागे लागला होता. शेल्फं त्याच्या मुलीच्या खोलीतली. दुकानातून खोक्यात बंद येतात आणि घरी आपणच स्क्रू पिळून उभी करायची, तसली. पांढरी, गुळगुळीत, खिडकीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी साखरेचा डबा तिच्यापासून लपवावा लागायचा. आता पंधरा वर्षांची आहे, साखर सोडली आहे आणि उत्तरं द्यायला शिकली आहे. आईबाप वेगळे झाल्यापासून आठवडाभर आईकडे आणि शनिवार-रविवार बापाकडे असं तिचं चालू होतं. गाडी रुळावर होती म्हणायला हरकत नाही. मग तिच्या आईची बदली झाली, तीही अशा ठिकाणी की जायला अख्खा दिवस लागावा. इथे बापाकडे राहून शाळा पुरी करायची की आईबरोबर जायचं, ते मुंगीने ठरवायचं होतं. शनिवारी येईन तेव्हा सांगते, असं तिने बापाला फोनवर सांगितलं होतं.

शेल्फं यात कुठून आली? मागच्या खेपेला ती खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणाली होती, "बाबा, ही खोली ना, दुकानात मांडलेली असते तशी दिसते. कुणी राहत असेल असं वाटतच नाही." आणि फोनवर कुठल्याशा कॉफीच्या दुकानाचा फोटो दाखवला होता. त्यात जाडजूड, खडबडीत, गाठीगाठींच्या फळ्या होत्या. ती बोलली आणि विसरली. याच्या डोक्यात मात्र ते जाऊन बसलं.

"ताई, शेल्फांना रस्टिक लुक देणार आहे," त्याने मला सांगितलं.

"म्हणजे गंज चढवणार?"

"गंज नाही गं. जुन्या लाकडासारखं करणार. वापरलेलं, राहतं वाटलं पाहिजे."

"अरे, पण ते लाकूड तरी आहे का? भुसा दाबून वर कागद चिकटवलाय."

"माझे दात तरी कुठे खरे असतात?" तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी त्याने तपकिरी रंग थेट त्या गुळगुळीत पांढऱ्यावर फासला. रंग धरेना. ओघळून खाली आला आणि फरशीवर थारोळं झालं. मग सगळं पुसून, पॉलिश पेपर घेऊन तो घासत बसला. नाकातोंडात पांढरी भुकटी, भुवयाही पांढऱ्या. वरची चकाकी गेल्यावर रंग धरावा म्हणून आधी प्रायमर मारला. त्यावर फिकट मातकट रंगाचा हात दिला आणि तो वाळल्यावर गडद तपकिरी पातळ करून कोरड्या ब्रशाने ओढायला घेतला. ओढताना ब्रशाचे केस रेघा सोडत जात, त्या लाकडाच्या रेषांसारख्या दिसत. गाठी मात्र त्याने आपल्या दातांच्या ब्रशाने काढल्या. एकेक गाठ बघत राहावी अशी. मी तसं बोलले नाही, कारण कौतुक केलं असतं तर तो रडला असता.

रंगापेक्षा त्याचे फोन मला नको झाले होते. मी शेजारच्याच गल्लीत राहते, घरीच शिवणकाम करते. मशीनवर कॉलर धरलेली असताना फोन वाजायचा. ताई, फार काळं झालं का? ताई, वासाने तिचं डोकं तर दुखणार नाही ना? ताई, तिला खरंच आवडतं का असलं, की उगाच दाखवला होता फोटो? शेवटी माझंही डोकं फिरलं.

"पोरगी काय शेल्फं बघून ठरवणार आहे का, कुठे राहायचं ते?"

पलीकडे ब्रश डब्यात टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "माहीत आहे गं. पण तिला राहा म्हणून सांगायचं नाही असं तिच्या आईचं आणि माझं ठरलंय. मग मी दुसरं काय करू?"

त्याच संध्याकाळी हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याकडे गेले. तो सायकलची जुनी साखळी घेऊन फळ्यांना ओरखडे पाडत होता. हातोडीने कडा चेचत होता. आणि प्रत्येक ओरखड्याआधी फूटपट्टी लावून पेन्सिलीने खूण करत होता.

"ओरखडा मोजून मारतोस?"

"अंदाजाने मारला तर चुकतो," तो म्हणाला. मी कपाळावर हात मारला आणि चहा ठेवायला गेले.

शनिवारी दुपारी जाऊन बघते तर हा केस वाळवायचं यंत्र घेऊन शेल्फापुढे उकिडवा बसलेला. शेवटचा हात वाळतच नव्हता. खालच्या खणांना बोट लावलं की चिकटत होतं. खिडकी उघडी, पंखा जोरात, आणि तरी सगळं घर रंगाच्या वासाने भरलेलं. त्याने नवा शर्ट घातला होता आणि त्याच्या कोपराला तपकिरी डाग पडला होता. मी तो दाखवला नाही. दाखवला असता तर शर्ट बदलायला गेला असता, मग दुसरा सापडला नसता आणि घर डोक्यावर घेतलं असतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"तू जा," तो म्हणाला. "मला पाचच मिनिटं दे. तिला बोलण्यात गुंतव."

मी खाली गेले. मुंगी मागच्या सीटवरून आपली सॅक ओढून काढत होती. तिची आई दार उघडून माझ्याजवळ आली. ती अजून मला ताईच म्हणते.

"ताई, तिने ठरवलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्याबरोबर येतेय. मी एका शब्दाने बोलले नाही हो, खरंच. पण तिचं तिलाच सांगू दे त्यांना."

राग यावा असं त्या बाईने काही केलं नव्हतं, तरी मला राग आला. तिचा आला, मुंगीचा आला, सगळ्यांत जास्त वर यंत्र धरून बसलेल्या त्या वेड्याचा आला. मुंगीने "आत्या" म्हणून मिठी मारली तेव्हा तिचा चेहरा मला बघवेना. रात्रभर झोपली नसावी.

जिना चढताना मी काहीबाही विचारत राहिले, शाळा कशी चाललीय, परीक्षा कधी आहे. ती हो-नाही करत होती. मला वाटत होतं, वरच्या मजल्यावर पोचूच नये. आधी आपणच जाऊन त्याला सांगावं का, असंही मनात आलं. पण ते सांगणं माझं काम नव्हतं.

तो खोलीच्या दारात उभा होता. हात मागे, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा. मुंगी आत गेली आणि थांबली.

खोली खरंच बदलली होती. दुपारचं ऊन फळ्यांवर पडलं होतं आणि ती भुशाची शेल्फं कुणाच्या तरी घरात पिढ्यान् पिढ्या वापरल्यासारखी दिसत होती. मुंगीने एका फळीवर तळवा टेकला, मग खिडकीपलीकडच्या शेल्फाकडे गेली, मग परत अलीकडच्या शेल्फाकडे आली. आणि एकदम हसायला लागली.

"बाबा, हा ओरखडा इकडे आहे तसाच तिकडेपण आहे."

"हो मग?"

"आणि ही गाठ. ही पण तिकडे आहे. आरशात बघितल्यासारखी." ती पोट धरून हसत होती. "आत्या, बघ ना, सगळं डावीकडे तसंच उजवीकडे."

मी बघितलं. खरंच होतं. एवढे दिवस माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मला दिसलं नव्हतं.

"दोन्ही बाजू जुळाव्या लागतात," माझा भाऊ म्हणाला. "नाही जुळल्या तर बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते."

"दातांचं असेल ते, बाबा. लाकडाचं नसतं."

त्याचा चेहरा उतरला. कोपऱ्यातली हातोडी त्याने उचलली. "एक बाजू बदलतो. आत्ताच्या आत्ता बदलतो, वेळ लागणार नाही." आणि कडेवर एक घाव घातलासुद्धा. दुसराही घातला.

"बाबा, थांब."

"झालंच बघ."

"थांब ना, बाबा." तिचं हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. "मी आईबरोबर जातेय."

हातोडी वरच राहिली. माझा भाऊ मुंगीकडे न बघता फळीकडे बघत होता.

"नाही आवडली का शेल्फं?" त्याने विचारलं.

"आवडली रे," ती म्हणाली. "खाली गाडीत बसले होते तोपर्यंत सांगणं सोपं वाटत होतं."

मला त्या क्षणी काहीतरी बोलायचं होतं. दोघांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं, किंवा जवळ घ्यायचं होतं, कुठलं ते मला कळेना. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. त्याने हातोडी खाली ठेवली, वाकून, आवाज होऊ न देता. मग बोटाच्या पेराने एकेक खण चाचपून बघितला.

"वरचे दोन वाळलेत," तो म्हणाला. "पुस्तकं तिथे ठेव. खालच्यांना उद्यापर्यंत हात लावू नकोस."

"बाबा, मी काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. उद्या संध्याकाळपर्यंत आहेस ना? मग तोवर काय सगळं सॅकमधून काढत-घालत बसणार आहेस?"

मुंगीने सॅक उघडली. दोन पुस्तकं, चार्जर, एक स्वेटर. एकेक वस्तू तिने वरच्या खणात ठेवली आणि पाठ आमच्याकडे करून तशीच उभी राहिली. खांदे हलत होते. तिच्या डोक्यावर हात ठेवायला माझा भाऊ पुढे झाला, हाताला रंग लागलाय हे बघून थबकला, हात पँटला पुसला आणि मग ठेवला.

"तिकडच्या तुझ्या खोलीत शेल्फ आहे का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. असेल तर पांढरंच असेल, दुकानातलं."

"माप पाठव मला. लांबी, रुंदी, उंची. खिडकी कुठल्या अंगाला आहे तेही लिही. कारखाना बंद ठेवून रंगवायला येतो."

मुंगीने वळून आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. वेगळे झाल्यापासून हा माणूस तिच्या आईच्या घराची पायरी चढलेला नाही. मुलीला सोडायला गेला तरी गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो.

"आईच्या घरी? तू येशील?"

"खोली तुझी आहे ना?" तो म्हणाला.

तिने मान डोलावली आणि त्याची फूटपट्टी उचलून आपल्या सॅकमध्ये टाकली.